ताळा करणारं यंत्र

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय 'संगणकाची विश्वासार्हता आणि विजेची बचत' असा छापला आहे. वाचणाऱ्याला वाटेल, हे दोन विषय झाले, आणि तेही एकमेकांच्या विरोधातले. भरवसा हवा तर जास्तीचं सामान बसवा, जनरेटर ठेवा, वीज जाऊ दे पण काम अडायला नको, असाच आपला सगळ्यांचा अनुभव आहे. मी आज याच्या उलट सांगायला उभा आहे. शाळेत गणित सोडवलं की गुरुजी ताळा करायला लावत. जे यंत्र तसा स्वतःच्या हिशेबाचा ताळा करतं, तेच कमी विजेवर चालवता येतं. ज्याला ताळा येत नाही त्याला, चुकू नये म्हणून, कायम जास्तीची वीज पाजावी लागते.

चिप म्हणजे काय, डेटा सेंटर म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऐरोली-महापेच्या बाजूला गेलात तर त्या इमारती नजरेस पडतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास, म्हणजे आपल्या भाषेत ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा हा साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर जाईल असं तीच संस्था सांगते. आकडा मोठा आहे एवढं लक्षात ठेवू आणि पुढे जाऊ.

सुरुवातीला यंत्रं चुकू नयेत म्हणून काय करत? १९४६ सालचा 'एनिॲक' हा संगणक घ्या. सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब आणि दीडशे किलोवॉट वीज. एक ट्यूब गेली की उत्तर गेलं. प्रेस्पर एकर्ट या त्याच्या अभियंत्याने दोन उपाय केले. ट्यूब तिच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी ताणावर चालवायची, आणि यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही, कारण थंड ट्यूब पुन्हा तापताना जास्त जातात. उपाय लागू पडला. पण दुसऱ्या उपायाची किंमत पाहा: काम असो-नसो, अठरा हजार ट्यूबा रात्रंदिवस पेटलेल्या.

आता याच्या शेजारी दुसरा माणूस ठेवा. रिचर्ड हॅमिंग, बेल लॅबमधला गणिती. तिथल्या रिलेच्या संगणकावर त्याला शनिवार-रविवारी वेळ मिळे आणि तेव्हा यंत्रापाशी कोणी नसे. यंत्राला चूक झाल्याचं कळे, पण कळल्यावर ते काय करी? हातातलं काम टाकून देऊन पुढचं उचली. सोमवारी हॅमिंग येऊन पाहतो तर दोन दिवस वाया. तो चिडला. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? या चिडण्यातून निघालेला त्याचा लेख १९५० मध्ये छापून आला. आजचे सगळे भरवशाचे संगणक त्या लेखाच्या पायावर उभे आहेत.

हे फळ्यावर करून दाखवतो. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीपेक्षा सोपं आहे. (फळ्याकडे वळतात.) आपल्याला चार अंक साठवायचे आहेत: १, ०, १, १. सात घरं आखू. तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या घरात आपले अंक ठेवू. पहिलं, दुसरं आणि चौथं घर ताळ्याचं. नियम असा: १, ३, ५, ७ या घरांत मिळून एकांची संख्या सम हवी. तशीच २, ३, ६, ७ मध्ये, आणि तशीच ४, ५, ६, ७ मध्ये. ताळ्याची घरं तशी भरली की ओळ तयार होते: ०११००११. आता कोणीतरी एका घरातला अंक उलटा करा. त्या ताई म्हणाल्या, सहावं घर. ठीक. ओळ झाली ०११०००१. तपासू. पहिला गट: दोन एक, सम, बरोबर. दुसरा गट: तीन एक, चुकला. चौथ्या घरापासूनचा गट: एकच एक, चुकला. चुकलेले गट दुसऱ्या घराचा आणि चौथ्या घराचा. दोन अधिक चार किती? (श्रोत्यांतून: "सहा!") सहा! घर सापडलं, अंक उलटा केला, ओळ दुरुस्त. (टाळ्या) या टाळ्या हॅमिंगच्या आहेत. पुन्हा मोजणी नाही, सोमवार नाही, दोन दिवसांची वीज वाया नाही.

तुम्ही विचाराल, अंक आपोआप उलटा होतोच कशाला? १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रसेल्समधल्या स्खारबेकमध्ये यंत्रावर मतदान होतं. एका उमेदवाराची मतं शक्यतेपेक्षा जास्त निघाली. फेरमोजणीत फरक निघाला नेमका ४,०९६ मतांचा. दोनाचा बारावा घात ४,०९६. म्हणजे मेमरीतल्या एका घरात शून्याचा एक झाला होता. सॉफ्टवेअर तपासून दोष सापडला नाही, आणि संशय गेला अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांवर. मतं अशक्य इतकी वाढली म्हणून ते लक्षात तरी आलं. तेच घर आठ मतांचं असतं तर?

वैश्विक किरण म्हटलं की मला मुंबईत यावंच लागतं. हे किरण वातावरणावर आदळले की कणांचा वर्षाव होतो. त्यातली इलेक्ट्रॉनांची सर कशी वाढत जाते हे गणिताने मांडणाऱ्यांत आपले होमी भाभा होते. भौतिकशास्त्रज्ञ हाइटलरबरोबरचा त्यांचा लेख १९३७ चा. पुढे त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, आणि तिथेच 'टिफरॅक' हा भारतात घडवलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला. एकाच छताखाली एकीकडे वैश्विक किरणांचा अभ्यास, दुसरीकडे संगणकाची बांधणी! याच संस्थेची माणसं कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरली. कशासाठी? वरचा खडक बाकीचे किरण अडवतो आणि न्यूट्रिनोसारखा कण टिपता येतो म्हणून. १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो तिथे टिपले गेले. (टाळ्या) त्या खाणीवर मी तासभर बोलू शकेन...

अध्यक्ष म्हणतात, मग पतसंस्थेचा संगणकही खाणीत नेऊन ठेवू. (हशा) अध्यक्ष महाराज, आयबीएमने हे खरंच करून पाहिलं आहे! कोलोरॅडोतलं लेडव्हिल हे गाव समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर आहे. तिथे मेमरी चिप्स नेल्या तर चुका कितीतरी वाढल्या. त्याच चिप्स जमिनीखाली खडकाच्या आड नेल्या तर जवळपास थांबल्या. पण दोष सगळा आकाशाचा नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं की चिपच्या वेष्टनाच्या सिरॅमिकमध्येच युरेनियम-थोरियमचा अंश आहे, आणि त्यातून निघणारे अल्फा कण अंक उलटवतात. शत्रू आकाशात होता तसा घरातही होता.

आणि यंत्र चुकतं ही जुनी गोष्ट नाही. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी एक प्रकरण प्रसिद्ध केलं. दाबून साठवलेल्या फायली उलगडताना काही फायली गायब होत होत्या. शोधत शोधत ते एका यंत्राच्या एका चिपमधल्या ५९ क्रमांकाच्या कोअरपर्यंत, म्हणजे हिशेब करणाऱ्या एका भागापर्यंत पोचले. त्या कोअरला १.१ चा ५३ वा घात विचारला की पूर्णांक १५६ यायचा तिथे शून्य येई. ५२ वा घात विचारला तर १४२, अगदी बरोबर! फाइलचा आकार शून्य आला म्हणून फाइल लिहिलीच गेली नाही. ना धूर, ना लाल दिवा. यंत्र चालू, वीज चालू आणि उत्तर खोटं. खोट्या उत्तरावर खर्चलेल्या विजेचं एकही युनिट कामी आलेलं नसतं. विजेची बचत मोजताना हे युनिट कोणी धरतच नाही, हे माझं दुखणं आहे.

मागून चिठ्ठी आली आहे: 'ताळ्याला वीज लागत नाही का?' लागते. प्रश्न विचारणारे अभियंते असावेत, आणि प्रश्नात थोडा राग आहे. राग असू द्या, उत्तर घ्या. सर्व्हरच्या नेहमीच्या ईसीसी, म्हणजे चूक दुरुस्त करणाऱ्या मेमरीत ६४ अंकांमागे ताळ्याचे ८. मेमरी एक-अष्टमांशाने वाढली. हा खर्च मी लपवत नाही. त्याच्यासमोर दुसरा खर्च ठेवा. गूगलने आपल्या यंत्रांचा अभ्यास २००९ मध्ये छापला. वर्षभरात साधारण एक-तृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक तरी दुरुस्त झालेली चूक नोंदली गेली होती. आणि हे पाहा: मेटाने 'लामा ३' हे भाषेचं मॉडेल १६,३८४ ग्राफिक्स प्रोसेसरांवर शिकवलं. ५४ दिवसांत ते काम अनपेक्षितपणे ४१९ वेळा थांबलं. म्हणजे दर तीन तासांनी एकदा! प्रत्येक वेळी मागच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात. एवढ्या मोठ्या यंत्रात चूक लवकर पकडली तर थोडंच काम पुन्हा करावं लागतं, उशिरा पकडली तर पुष्कळ. ताळ्याची वीज पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाच्या विजेशी तोलायला हवी.

(संयोजक घड्याळ दाखवतात.) दहा मिनिटं? मग कोलारवर परत जात नाही. मुख्य मुद्दा आता येतोय.

चिपमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं की अंक बदलण्यामागची ऊर्जा एकोणीस टक्के उतरते. मग सगळे उतरवत का नाहीत? कारण व्होल्टेज उतरलं की संदेश सावकाश पोचतो, आणि चिपच्या घड्याळाच्या ठोक्याच्या आत पोचला नाही तर उत्तर चुकतं. म्हणून आखणी करणारा सगळ्यात वाईट दिवसाचा विचार करतो. चिप तापलेली, जुनी झालेली, त्यात पुरवठा क्षणभर खाली आलेला. त्या दिवसासाठीचं व्होल्टेज तो रोज देतो. एकर्टच्या ट्यूबा रात्रभर पेटत्या होत्या, तसंच हे. तो वाईट दिवस वर्षात क्वचित येतो आणि बिल मात्र रोज येतं.

२००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या टॉड ऑस्टिन, डेव्हिड ब्लाऊ, ट्रेव्हर मज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रेझर' नावाची रचना मांडली. महत्त्वाच्या जागी प्रत्येक उत्तर दोनदा टिपायचं: एकदा ठोक्यावर आणि एकदा किंचित उशिराने. दोन्ही जुळली तर पुढे चला. जुळली नाहीत तर उशिराचं खरं धरा, पाऊल दुरुस्त करा. आता व्होल्टेज बिनधास्त उतरवा. चुका दिसू लागल्या की थोडं चढवा. त्यांना आढळलं की सगळ्यात कमी ऊर्जा लागते ती चुका शून्य असताना नाही, तर अगदी थोड्या चुका होत असताना आणि त्या जागच्या जागी दुरुस्त होत असताना. मला सांगायचं होतं ते हेच. चूक होऊच नये म्हणून रोज वीज जाळायची, की झालेली चूक त्याच क्षणी पकडायची? रेझर जशीच्या तशी सगळीकडे गेली नाही. पण आयबीएमच्या पॉवर७ चिपमध्ये संदेश वेळेत पोचतोय का हे मोजणारी साधनं बसवली गेली आणि त्यांच्या जोरावर जास्तीचं व्होल्टेज कमी केलं गेलं.

वेळ संपत आला. गूगलच्या बारोसो आणि हॉल्झले यांचा २००७ चा लेख एका वाक्यात उरकतो: काम नसलेला सर्व्हरही तेव्हा पूर्ण कामाच्या जवळपास निम्मी वीज खात होता.

(घंटा.) दोन मिनिटं, अध्यक्ष महाराज, कारण आता मागणं आहे. या सभागृहात नगरपालिकेची माणसं आहेत, सहकारी बँकांचे संचालक आहेत, महाविद्यालयांचे प्राचार्य आहेत. तुम्ही लाखो रुपयांचे संगणक निविदा काढून घेता. निविदेत वेग लिहिता, साठवण लिहिता, किंमत लिहिता. आणखी तीन ओळी लिहा. एक: मेमरी पूर्ण ईसीसीची हवी. 'डीडीआर५ मेमरी आहे, त्यात असतंच' या उत्तरावर समाधान मानू नका. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या आत असते, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक तिला दिसत नाही. दोन: दुरुस्त केलेल्या चुकांची नोंद दर महिन्याला काढून कोणीतरी वाचायची. मेमरीच्या ज्या पट्टीत चुका वाढत आहेत ती निकामी होण्याआधी बदलता येते. तीन: नुसतं 'किती वॉट' विचारू नका, आपल्याच रोजच्या कामाचा नमुना देऊन त्याला किती युनिट लागतात आणि रिकामं असताना यंत्र किती खातं, ते विचारा.

विक्रेता म्हणेल, असं आजवर कोणी विचारलं नाही. त्याला सांगा, इथून पुढे आम्ही विचारणार. आपल्या मतांचा, ठेवींचा आणि मुलांच्या गुणांचा हिशेब या यंत्रांत आहे. त्याचा ताळा होतो की नाही हे विचारणं तुमचं काम आहे, आणि ते उद्यापासून सुरू करता येईल.