वाट आणि पळवाट

मेलबर्नचे क्रिकेट मैदान आता आपल्या खेड्यापाड्यांतही नावाने ठाऊक आहे. २०२० च्या डिसेंबरात अजिंक्य रहाणे यांनी तेथे ११२ धावा काढल्या आणि भारताने तो कसोटी सामना आठ गडी राखून जिंकला. पण त्या मैदानाचे आणखी एक रूप आहे. आपल्याकडे पावसाळा चालू असतो तेव्हा तेथे हिवाळा असतो. त्या दिवसांत मधली खेळपट्टी उचलून नेतात, दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे करतात, आणि त्याच हिरवळीवर ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा फुटबॉल सुरू होतो. हा खेळ क्रिकेटच्याच घरात जन्मला. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचविले की, हिवाळ्यात खेळाडूंची अंगे जड होऊ नयेत म्हणून एक फुटबॉलचे मंडळ काढावे. पुढच्याच वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात, मेलबर्न क्लबाने खेळाचे नियम कागदावर उतरविले.

या खेळाची सगळीच हकिगत आज सांगायची नाही. त्यातला एकच प्रसंग घेऊ. चेंडू आपल्याच गोलाच्या तोंडाशी आहे, तो आपल्या हाती आला आहे, आणि आता तो तेथून बाहेर काढायचा आहे. हे काम कसे करतात, आणि त्यात आपल्या शिक्षकांनी लक्ष द्यावे असे काय आहे, एवढाच आजचा विषय.

आधी दोन-चार नियम समजून घेऊ, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. मैदान लंबगोल. लांबी १३५ ते १८५ मीटर, रुंदी ११० ते १५५ मीटर. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. चेंडूही लंबगोल, त्यामुळे जमिनीवर पडला की कोठे उडेल याचा भरवसा नाही. चार खांबांपैकी मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने गेला तर गोल, त्याचे गुण सहा. मधला आणि कडेचा खांब यांच्यामधून गेला तर त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात, त्याचा गुण एक. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण १५ मीटर झाले की तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. सोबत्याकडे चेंडू फेकायची मात्र मनाई आहे. तो लाथेने मारावा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा. या ठोसण्याला ‘हँडबॉल’ म्हणतात. १५ मीटर किंवा त्याहून लांबून लाथेने आलेला चेंडू कोणी मध्ये न लागता अलगद झेलला, तर तो झाला ‘मार्क’. मग झेलणाऱ्याला कोणी धरू शकत नाही, त्याला निवांत लाथ मारू देतात. पण झेल नसेल आणि चेंडू सोडायची संधी असूनही तो पोटाशी धरून बसला, तर पकडला जातो आणि चेंडू प्रतिपक्षाला द्यावा लागतो. आणि शेवटची गोष्ट : या खेळात ऑफसाइड नाही. खेळ चालू असताना कोणी कोठेही उभे राहावे.

आता तो बचावातला खेळाडू डोळ्यांसमोर आणा. गोल मागे आहे. समोर प्रतिपक्षाची माणसे जाळे पसरून उभी आहेत. ऑफसाइड नसल्यामुळे त्यांनी मैदानाच्या अर्ध्या भागात गर्दी केली आहे. हातात चेंडू आहे आणि विचाराला वेळ आहे तो एक-दोन श्वासांचा. दूर, प्रतिपक्षाच्या गोलाशी चेंडू गमावला तर फार बिघडत नाही, परत मिळवायला सगळे मैदान पडलेले असते. येथे गमावला तर पुढच्याच लाथेला सहा गुण जातात. मग करायचं काय?

त्याच्यापुढे साधारण चार मार्ग असतात.

पहिला मार्ग कडेकडेने. चेंडू लांब मारायचा आणि मैदानाच्या काठाला धरून पुढे न्यायचा. चांगला खेळाडू ५० मीटरपर्यंत सहज मारतो. तेथे आपला एखादा उंच गडी उभा असतो, तो झेलायचा प्रयत्न करतो. नाहीच झेलता आला तरी चेंडू कडेला असतो, गोलासमोर नसतो. कडेवरून गोल मारायला कोन अरुंद पडतो. म्हणून हा मार्ग सावधपणाचा. पण प्रतिपक्षालाही तो ठाऊक असतो. त्यांची माणसे तेथे आधीच जाऊन उभी असतात, आणि बरेचदा चेंडू जसा गेला तसाच परत येतो.

दुसरा मार्ग आडवा. पुढे न मारता चेंडू मैदानाच्या दुसऱ्या कडेकडे फिरवायचा. नवख्या माणसाला हे वेडेपण वाटते. पुढे जायचे सोडून हा बाजूला का मारतो? पण कारण सरळ आहे. चेंडू डाव्या कडेला असताना प्रतिपक्षाची सगळी फळी डावीकडे झुकलेली असते आणि उजवीकडे रान मोकळे असते. मैदानाची रुंदी मोठी, ती ओलांडायला दोन-तीन लाथा लागतात. तेवढ्यात माणसे धावून येऊ पाहतात, पण उडणाऱ्या चेंडूइतके वेगाने कोणीच धावत नाही. शेतात एका वाफ्यात पाणी तुंबले की आपण तेथेच फावडे आपटत बसत नाही, दारे मोडून पाणी दुसऱ्या वाफ्याला लावतो. तसेच हे. यात धोका एकच, पण मोठा : ही आडवी लाथ आपल्याच गोलासमोरून जाते. ती आखूड पडली आणि प्रतिपक्षाच्या हाती लागली, तर गोल समोर उघडा असतो.

तिसरा मार्ग मधला. मैदानाच्या पोटातून सरळ पुढे. सर्वांत जवळचा आणि सर्वांत जोखमीचा. साधला तर तीन लाथांत चेंडू दुसऱ्या टोकाला पोचतो. फसला तर सगळे सोबती पुढे धावत सुटलेले असतात आणि मागे राखणीला कोणीच नसते.

चौथा मार्ग हातांचा आणि पायांचा. जवळून धावत येणाऱ्या सोबत्याकडे चेंडू ठोसायचा, त्याने पुढच्याकडे ठोसायचा, आणि अशी साखळी करीत वेढ्यातून निसटायचे. या कलेला मान मिळवून देणाऱ्यांत ग्रॅहॅम फार्मर यांचे नाव आदराने घेतात. ‘पॉली’ फार्मर हे पश्चिम ऑस्ट्रेलियातील नूंगार या आदिवासी समाजातले. १९६२ पासून ते जीलाँग संघाकडून खेळले. उभ्या मोटारींच्या उघड्या खिडक्यांतून चेंडू ठोसून नेम साधायचा त्यांचा सराव आजही तेथे सांगितला जातो. अडचणीत सापडल्यावर सुटायचा उपाय, एवढेच हँडबॉलचे स्थान होते. फार्मर यांनी त्याचे चढाईचे हत्यार केले.

त्याचा मोठा प्रत्यय १९७० च्या अंतिम सामन्यात आला. मेलबर्नच्या मैदानावर त्या दिवशी १,२१,६९६ माणसे जमली होती. कॉलिंगवुड विरुद्ध कार्लटन. मध्यांतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे. त्यांचे प्रशिक्षक रॉन बॅरासी यांनी खेळाडूंना बजावले की, थांबू नका, चेंडू हँडबॉलने सोबत्याकडे द्या आणि धावत राहा. उत्तरार्धात सामना उलटला आणि कार्लटनने तो १११ विरुद्ध १०१ असा जिंकला. एका सामन्याने सगळा खेळ बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण मागे असलेल्या माणसाने जपून खेळावे की धीर करावा, हा वाद निघाला की तेथील लोक आजही या सामन्याचा दाखला देतात.

श्रोतेहो, हे झाले चार मार्ग. पण माणूस अडचणीत सापडला की वाट शोधण्याआधी पळवाट शोधतो. या खेळातही तेच झाले, आणि मला वाटते की खरा बोध तेथेच आहे.

पहिली पळवाट म्हणजे चेंडू मैदानाबाहेर भिरकावून देणे. खेळ थांबतो, दम खायला मिळतो. १९६९ साली नियम झाला की, लाथेने मारलेला चेंडू टप्पा न पडता थेट बाहेर गेला, तर तो प्रतिपक्षाला द्यायचा. टप्पा पाडून मुद्दाम बाहेर घालविणाऱ्यालाही शिक्षा ठरली.

दुसरी पळवाट अधिक हुशारीची होती. प्रतिपक्षाचा गोल झाला तर सहा गुण जातात, बिहाइंड झाला तर एकच. शिवाय बिहाइंडनंतर चेंडू बचाव करणाऱ्यांनाच मिळतो, गोलासमोरून निवांत लाथ मारून खेळ सुरू करायला. मग अडचण आली की आपणच चेंडू आपल्या खांबांमधून मागे ढकलायचा, एक गुण देऊन टाकायचा आणि सुटका करून घ्यायची! २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्न संघाने असे ११ गुण जीलाँगला दिले. जीलाँगने गोलाकडे चेंडू जास्त वेळा नेला, पण त्यांचे गोल ११ आणि बिहाइंड २३. हॉथॉर्नचे गोल १८ आणि बिहाइंड ७. हॉथॉर्न ११५ विरुद्ध ८९ असे जिंकले. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यांचा विजय खराच होता. पण हिशेब सर्वांच्या ध्यानात आला. उद्या प्रत्येक संघ असेच करू लागला, तर ज्यासाठी लोक मैदानावर येतात ती झुंजच उरणार नाही. म्हणून २००९ पासून नियम झाला की, अंगावर कोणी आलेले नसताना मुद्दाम असा गुण देणाऱ्याच्या विरुद्ध तेथल्या तेथे फ्री किक द्यावी. म्हणजे जवळजवळ गोलच.

पण केवळ दारे बंद करून माणूस धीट होत नाही. नियम करणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने वाट रुंदही केली. बिहाइंडनंतर पंच निशाण हलवीत असताना बचाव करणाऱ्याला पूर्वी थांबावे लागे. २००६ पासून ती सक्ती गेली. २०१९ पासून त्याला गोलासमोरच्या चौकटीतून थेट चेंडू घेऊन धावत निघायचीही मोकळीक मिळाली. आणि २०२१ पासून, मार्क झेललेल्या खेळाडूसमोर उभ्या राहणाऱ्या प्रतिपक्षाच्या गड्याने जागेवरच उभे राहावे, आजूबाजूला सरकू नये, असे ठरले. त्यामुळे तिरकी आणि आडवी लाथ मारायला जागा मिळू लागली. पळवाट बंद करायची आणि वाट उघडून द्यायची, या दोन्ही गोष्टी हातात हात घालून झाल्या.

आपल्या कबड्डीचा अनुभव याहून वेगळा नाही. नुसती रेषा शिवून रिकाम्या हाताने परतायचे, असे वेळकाढू चढाईचे प्रकार वाढले, तेव्हा आजच्या व्यावसायिक कबड्डीत नियम केला गेला की, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. खेळ कोणत्याही मातीतला असो, भीतीने केलेल्या टाळाटाळीला तो फार दिवस थारा देत नाही.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. शाळेच्या पटांगणावर हा खेळ जसाच्या तसा आणायची गरज नाही, आणि त्यातली धरपकड तर मुळीच नको. पण एक छोटा सराव जरूर घ्या. साधारण ४० पावले लांब आणि ३० पावले रुंद जागा आखा. पाच मुले एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. साधा फुटबॉल चालेल. एका टोकाच्या रेषेवरून पाच जणांनी निघायचे आणि चेंडू समोरच्या रेषेपलीकडे न्यायचा. चेंडू फेकायचा नाही, मुठीनेच ठोसायचा. प्रतिपक्षाच्या मुलाने पाठीला हात लावला की तीन आकडे मोजेपर्यंत चेंडू सोडायचा. चेंडू बाहेर गेला तर तो प्रतिपक्षाचा. बस्स, एवढेच नियम.

पहिल्या दिवशी काय होईल ते सांगतो. ज्याच्या हाती चेंडू, तो एकटाच समोर धाव घेईल आणि गर्दीत अडकेल. बाकीचे चौघे उभे राहून बघत बसतील. येथेच शिकवायचे ते शिकवता येते. चेंडूवाल्याला वाट सापडत नाही याचे कारण पुष्कळदा असे असते की, बिनचेंडूवाले हललेलेच नसतात. एकाने मागे येऊन आधार द्यावा, एकाने पलीकडच्या कडेला मोकळे व्हावे, एकाने जवळून धाव घ्यावी, आणि तिघांनीही हाका माराव्यात. खाली मान घालून चेंडू उचलणाऱ्याला डोळे नसतात, सोबत्यांचा आवाजच त्याचे डोळे होतो.

आणि दुसरी गोष्ट. एखादे मूल आडवा चेंडू द्यायला जाईल आणि तो वाया जाईल. प्रतिपक्षाचा गुण होईल, सगळी मुले त्याच्यावर ओरडतील. त्या क्षणी गुरुजींनी किंवा बाईंनी काय म्हणावे यावर पुष्कळ अवलंबून आहे. “कशाला नसता शहाणपणा केलास?” असे म्हटले, तर उद्यापासून ते मूल चेंडू हाती आला की डोळे मिटून बाहेर भिरकावून देईल. त्यापेक्षा विचारावे, “बाळ, तुला काय दिसलं होतं?” ते सांगेल, “गुरुजी, तिकडे गणप्या मोकळा होता.” होता ना मोकळा? मग बघणे बरोबर होते, हात तेवढा कमी पडला. हात सरावाने सुधारतो. बघण्याची हिंमत एकदा गेली, तर ती सरावाने परत येत नाही.

यातून सगळी मुले मोठे खेळाडू होतील असे नाही. पण संकट दाराशी आले असताना मान वर करून चारी बाजूंना पाहावे, सोबत्याला हाक द्यावी, आणि पळवाट सोडून वाट धरावी, एवढे जरी त्या पटांगणावर त्यांच्या अंगी बाणले, तरी तो तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.