न मोजलेल्या 12 मॅचेस : डेनिस कॉम्प्टन

कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायला सीझन लागत नाही. पाटाकडील विरुद्ध शिवाजी म्हटलं की शाहू स्टेडियम भरलंच म्हणून समजा. तर आज एका फुटबॉलरची गोष्ट. गंमत म्हणजे आपल्याकडं हा माणूस लक्षात राहिला तो क्रिकेटर म्हणून.

डेनिस कॉम्प्टन. जन्म 1918, लंडनचा. हिवाळ्यात आर्सेनलचा लेफ्ट विंगर, उन्हाळ्यात मिडलसेक्सचा बॅट्समन. 1937 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी टेस्ट पदार्पण. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक. आणि सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं. इंग्लंडची फुटबॉल लीग बंद पडली ती थेट 1946 ला पूर्ववत झाली. म्हणजे वयाच्या 21 पासून 28 पर्यंतची वर्षं! विंगरसाठी ही वर्षं म्हणजे सगळं काही.

युद्धात इंग्लंडचे सामने व्हायचे, पण ते अधिकृत धरले गेले नाहीत. कॉम्प्टन असे 12 सामने खेळला. तीच जर्सी, तीच गर्दी. पण रेकॉर्डमध्ये त्याची इंग्लंडसाठीची अधिकृत फुटबॉल कॅप किती? शून्य. मी दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसणारा माणूस. शून्य आणि ‘नोंदच नाही’ यातला फरक मला चांगला कळतो. इथं नोंद नव्हती, आणि वाचणाऱ्यानं शून्य वाचलं.

सैन्यानं त्याला भारतात पाठवलं, इंदूरजवळच्या महूला. म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मगावी. इंदूर म्हणजे होळकरांचं मराठी संस्थान, आणि त्यांच्या टीमचा कॅप्टन सी. के. नायडू. मार्च 1945, रणजी फायनल, ब्रेबॉर्न स्टेडियम. समोर मुंबई. विजय मर्चंटनी 278 केल्या आणि होळकरांपुढं टार्गेट आलं 867 चं! कॉम्प्टननं नाबाद 249 ठोकल्या. टीम 492 वर ऑल आउट झाली, 374 रन्सनी हरली. पण हा शेवटपर्यंत उभा होता.

युद्धानंतर 1947 च्या एका सीझनमध्ये त्यानं 3816 रन्स आणि 18 शतकं केली. ते रेकॉर्ड आजही कुणी मोडलेलं नाही. 1950 मध्ये आर्सेनलकडून एफए कप जिंकला, लिव्हरपूलला 2-0 हरवून. सोबत सख्खा भाऊ लेस्लीही होता. पण फुटबॉलनं गुडघा घेतला तो घेतलाच. 1955 मध्ये गुडघ्याची वाटीच काढावी लागली. तरी 1956 मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध परत येऊन 94 केल्या.

आता कुणी म्हणेल, क्रिकेटनं भरून दिलं की सगळं. मला तसं वाटत नाही. क्रिकेटमध्ये त्याला परत यायला वेळ मिळाला, फुटबॉलमध्ये नाही. गेलेली वर्षं दुसऱ्या खात्यातून जमा होत नसतात. आणि युद्धात कित्येक खेळाडू तर मैदानावर परतलेच नाहीत.

हे फक्त युद्धाचंच नाही बरं का. कोरोनात आपली मैदानं बंद होती. एकोणीस-वीस वर्षांच्या किती पोरांचे ऐन भरातले दिवस तसेच गेले. नंतर कुणी नोकरीला लागलं, कुणी दुकानावर बसलं. त्यांच्या नावापुढं आकडा नाही. पण पेठेत विचारा, कोण कसा खेळायचा ते लोक बरोबर सांगतात. ते सांगणारे आहेत तोवर कुणीतरी लिहून ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

तुमच्या तालमीतला असा कुणी असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!