कठीण रबर आणि टाकीत उतरणारा गडी
(कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



रबर म्हटले की आपणांस सायकलची ट्यूब आठवते. ताणली तर लांबते, सोडली तर आखडते. पण याच रबराचा एक सख्खा भाऊ शिसवी लाकडासारखा काळा व टणक आहे. तो करवतीने कापावा, लेथवर कातावा, घासून आरशासारखा चकचकीत करावा. त्यास एबोनाइट म्हणतात. जुने फाउंटनपेन, काळी फणी, पूर्वीच्या मोटारबॅटरीची पेटी ही सारी त्याचीच.

करामत गंधकाची. रबरात शेकडा दोन-तीन भाग गंधक घालून तापविले तर ते लवचिक राहते; तीस-चाळीस भाग घालून तासन् तास वाफेत ठेवले तर कठीण होते. ही युक्ती कोणा शास्त्रीबुवांनी पोथीतून काढली नाही. अमेरिकेतील चार्लस गुडइयर हा दिवाळे निघालेला लोखंडी सामानाचा व्यापारी. कर्जापायी तुरुंग भोगलेल्या या माणसास 1839 साली गंधक व उष्णता यांचा गुण कळला. त्याचा भाऊ नेल्सन याने 1851 साली कठीण रबराचे पेटंट घेतले. चार्लस 1860 साली वारला तेव्हाही कर्जातच होता. त्याच्या नावाची टायरची कंपनी 1898 साली निघाली, पण ती दुसऱ्यांची. त्याच्या घरच्यांचा तिच्याशी संबंध नाही. राबणारा एक नि नाव खपविणारा दुसरा, हे आपणांस नवे नाही.

कच्चे रबर दोन रुळांमध्ये मळून मऊ करतात, त्यात गंधक व एबोनाइटचाच भुगा मिसळतात, मग पत्रे लाटतात. भाजताना घाई चालत नाही. गंधक व रबर एकजीव होताना स्वतःच उष्णता सोडतात. जाड तुकडा एकदम तापविला तर आतून फुगतो, भोके पडतात. सुगरणीस हे सांगावयास नको.

आता फण्या-पेट्या प्लॅस्टिकच्या झाल्या. पण मिठाचे तेजाब लोखंड खाते, कठीण रबरास मात्र सहसा शिवत नाही. म्हणून रसायनांच्या कारखान्यात लोखंडी टाक्यांना आतून या रबराचे अस्तर लावतात. (शोऱ्याच्या तेजाबापुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही.) हे काम आपल्या घरांतील मुले करतात, म्हणूनच आज आम्ही बोलावयास उभे आहोत.

टाकीत उतरून आधी वाळूच्या माऱ्याने गंज काढावा लागतो. मग पंक्चरवाल्याच्या सोल्युशनसारखा चिकट लेप द्यावयाचा, त्यावर रबराचा पत्रा बसवून हातरुळाने हवा काढावयाची, शेवटी वाफ सोडून भाजावयाचे. छिद्र राहिले की काय ते विजेच्या ब्रशाने पाहतात. जेथे छिद्र तेथे ठिणगी उडते.

धोका त्या लेपात आहे. त्याची वाफ हवेहून जड; ती टाकीच्या तळाशी साचते. आधी डोके गरगरते, मग शुद्ध जाते. एक पडला म्हणून दुसरा धावत उतरतो, तोही तेथेच पडतो. वाफ पुरती निघण्याआधी तो विजेचा ब्रश फिरविला, किंवा कोणी साधा दिवा नेला, तर स्फोट होतो. टाकीच्या तोंडाशी नारळ फोडल्याने यातले काही टळत नाही; पंख्याने टळते.

1948 च्या कारखाने कायद्यातील 36 व्या कलमात हेच लिहिले गेले: आतली हवा तपासून जाणत्या माणसाने लेखी दाखला द्यावा, नाही तर उतरणाऱ्यास श्वासाचे साधन व कमरेस दोर बांधलेला पट्टा द्यावा, आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. मुकादम म्हणेल, “पाच मिनिटांचे काम, उतर.” तेव्हा मुलाने विचारावे, हवा कोणी तपासली? पंखा कोठे? दोर कोण धरतो? रोजंदारीवरच्या मुलास हे एकट्याने विचारणे जड जाते हे आम्ही जाणतो. म्हणून सगळ्या गड्यांनी मिळून विचारावे. आणि ज्याच्या हाती दोर असेल त्याने तंबाखू आणावयासही जागा सोडू नये.