परसातले लाकडी घर



मोठे घर मुलाने सांभाळावे आणि आम्ही उभयतांनी परसात, आंब्याच्या पलीकडे, दोन खोल्या बांधून राहावे, असे यंदा आमच्या घरी ठरले. त्या खोल्या लाकडाच्या असाव्यात असे आम्ही म्हणताच जो पहिला आक्षेप आला, तो म्हैसूरकराच्या तोंडी शोभेल असाच होता : "राजवाड्याचे काय झाले ते विसरलात काय?"

विसरलो नाही. 1897 साली राजकन्येच्या विवाहप्रसंगी येथील जुना लाकडी राजवाडा जळाला; आज आपण पाहतो तो, हेन्री अर्विन यांच्या आराखड्याचा, 1912 मध्ये पुरा झाला. पुण्याचा शनिवारवाडा 1828 मध्ये असाच गेला. दगडी जोती व तट तेवढे उरले. परंतु जवळच श्रीरंगपट्टणास 1784 चा दर्यादौलत महाल सागवानी खांबांवर अद्याप उभा आहे, हेही आक्षेपकांनी ध्यानी घ्यावे.

शिवाय आम्ही म्हणतो ती बांधणी वासे-फळ्यांची नव्हे. 1990 नंतर ऑस्ट्रिया व जर्मनीत वाढीस लागलेल्या ह्या पद्धतीत वाळवलेल्या फळ्यांचे तीन, पाच वा सात थर एकमेकांस आडवे-उभे चिकटवून, दाबून, सबंध भिंतीएवढा पाट करतात. काटकी भडकते, ओंडका धुमसत राहतो, हे चुलीपुढे बसलेल्या कोणासही ठाऊक आहे. जाड लाकूड मिनिटाला सुमारे दोनतृतीयांश मिलिमीटर कोळसत जाते आणि तो कोळसाच आतला गाभा राखतो. मात्र आगीत थर सुटणार नाहीत असा चिकटा हवा. तेथे काटकसर नको.

लाकडातून उष्णता विटेच्या जेमतेम पंचमांश वाहते, म्हणून पश्चिमेची भिंत संध्याकाळी अंगावर येत नाही. तरीही आमच्या मते म्हैसुरात खरा शत्रू भिंत नव्हे, एप्रिलमधले छप्पर होय. म्हणून कौलांखाली हवेची पोकळी, रुंद वळचण आणि समोरासमोर खिडक्या आधी. मग दुपारी पंख्यावर भागावे. भिंतीवरच सारा भरवसा टाकून छपराची हयगय केली, तर पैसा व्यर्थ गेला असे समजावे.

वाळवी आणि ओल ह्यांचे भय मात्र आम्ही आगीहून अधिक मानतो. जोते दोन फूट उंच, त्यावर पत्र्याची पट्टी, मगच लाकूड. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर. खर्च? आमच्या अंदाजात तो विटांहून जास्तच आला, कारण पाट दुरून आणावे लागतात. मुलाने हिशेब पाहून भुवया उंचावल्या, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

आमचे मन वळले ते वजनाने. हे लाकूड काँक्रीटच्या सुमारे पंचमांश वजनाचे; तेव्हा पाया हलका पुरतो आणि वडिलांनी लावलेल्या आंब्याची मुळे तोडावी लागत नाहीत. पावसाळा सरला की जोत्याची आखणी करू. स्वयंपाकघराची खिडकी आंब्याकडे की मोठ्या घराकडे, ह्यावर मात्र आम्हा उभयतांचे अद्याप एकमत नाही.