परतीच्या पेट्रोलची वाट



विषय अगदी छोटा आहे. जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं, ते सुरूही झालं, पण पेट्रोलचं प्रेशर हवं त्यापेक्षा बरंच जास्त येतंय. आता दोष शोधायचा कुठे? उदाहरण मारुती जिप्सीचं घेतो, कारण असले उद्योग आपल्याकडे तिच्यावर भरपूर झाले आहेत.

जिप्सी १९८५ साली आली ती ९७० सीसीचं कार्बोरेटरचं इंजिन घेऊन. १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये इंजिन १२९८ सीसीचं झालं, पण कार्बोरेटर राहिलाच. २००० च्या सुमारास सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर मिळाला आणि ताकद साठ हॉर्सपॉवरवरून ऐंशीवर गेली. तेव्हापासून लष्कराच्या लिलावातली जुनी जिप्सी घ्यायची आणि तिच्यात हे सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, पुष्कळदा मारुती एस्टीममधून काढलेलं, बसवायचं, हा डोंगरात गाड्या घालणाऱ्या मंडळींचा आवडता उद्योग आहे. हौसेला मोल नसतं. पण आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनावरच असतो आणि प्रेशर जेमतेम पाव किलो. गॅरेजात किलो म्हणतात ते चौरस सेंटिमीटरवरचे किलो. एमपीएफआयला टाकीतला विजेचा पंप लागतो आणि प्रेशर लागतं तीन किलोच्या आसपास. म्हणून इंजिन बदलणारा माणूस पंपाची नीट काळजी घेतो, नवी फीड लाइन टाकतो, फिल्टर चांगला घेतो. पेट्रोल येण्याची सोय चोख होते. परत जाण्याची मात्र जुनीच राहते, आणि बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो.

याचं कारण समजून घेऊ. प्रेशर पंप तयार करतो, असं आपण धरून चालतो. पंप फक्त पेट्रोल ढकलतो, तासाला साठ, ऐंशी लिटर, कधी त्याहून जास्त. आयडलिंगला हे इंजिन तासाला लिटरभरसुद्धा पीत नाही. उरलेलं सगळं, इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलच्या टोकाला असलेल्या रेग्युलेटरमधून टाकीकडे परततं. रेग्युलेटर त्या परतणाऱ्या पेट्रोलला मोजून अडवतो, आणि त्या अडवण्यातून तीन किलो उभे राहतात. आता जुन्या जिप्सीची रिटर्न लाइन आठवा. ती इंजिनावरच्या पंपाचं थोडंसं जादा पेट्रोल परत नेण्यापुरती, फीडपेक्षा बारीक नळी. त्यातून वीस-पंचवीस वर्षांचा गंज, चॅसिसला कुठेतरी दबलेला बाक आणि टाकीवरचं चिंचोळं निपल. तिच्यातून तासाला ऐंशी लिटर जायचे म्हटलं तर पुढे अडथळा आणि मागे दाब, दुसरं काय होणार!

गाडी हे आपल्या पद्धतीने सांगते. सकाळी सुरू करताच काळा धूर, प्लग काजळलेले, अ‍ॅव्हरेज पडलेलं आणि डिपस्टिक काढली की ऑइलला पेट्रोलचा वास. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं. तीनचे साडेचार किलो झाले तर सुमारे २२ टक्के जास्त. इंजिन तापल्यावर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बरंचसं सावरून घेतो, म्हणून दुपारी गाडी बरी चालते आणि मालक बुचकळ्यात पडतो. थंड इंजिनात ईसीएम त्या सेन्सरचं ऐकतच नाही, म्हणून सगळा तमाशा सकाळी. मग इंजेक्टर साफ होतात, सेन्सर बदलतो, एखादा उत्साही मिस्त्री ईसीएमही बदलून बघतो. पेट्रोलचं प्रेशर मोजणारं गेज लावायचं मात्र राहून जातं. मला या धंद्यात सगळ्यात जास्त चीड याची येते.

गेज लावा. आधी तेच गेज एखाद्या धडधाकट गाडीवर लावून खात्री करा, कारण खोटं बोलणारी गेजं गॅरेजात कमी नाहीत. चावी ऑन केल्यावर पंप दोनेक सेकंदच चालतो, म्हणून रिलेवरून तो सलग चालवा आणि आकडा बघा: तीनच्या आसपास हवा. मग इंजिन सुरू करा. रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत असेल तर आयडलिंगला आकडा अर्ध्या किलोने उतरायला हवा. व्हॅक्यूमची नळी उपटली की सुई परत वर. त्या नळीतून पेट्रोल आलं, तर डायफ्राम फाटलाय, रेग्युलेटर बदला.

आयडलिंगला आकडा अर्ध्या किलोनेच जास्त असेल तर जास्त डोकं खाजवू नका. व्हॅक्यूमची नळी निघालेली किंवा भलत्याच निपलला लावलेली असते. पण साडेचार, पाच किलो दिसत असतील आणि नळी काढली-लावली तरी सुई ढिम्म हलत नसेल, तर रेग्युलेटर अडकलाय किंवा पुढची वाट बंद आहे. दोन्हींचा निकाल एका कृतीत लागतो. रेग्युलेटरच्या तोंडाची रिटर्न नळी काढा, तिथे लांब होज लावून पेट्रोल दूर ठेवलेल्या धातूच्या कॅनमध्ये सोडा आणि पंप चालवा. आकडा तीनवर आला तर रेग्युलेटर निर्दोष, दोष तिथून टाकीपर्यंतच्या वाटेत. नाही आला तर रेग्युलेटर. कधी फीड आणि रिटर्न यांची अदलाबदल झालेली असते, तेही एकदा बघून घ्या.

वाटेत दोष निघाला तर नवी जाड रिटर्न नळी टाकीपर्यंत न्या आणि टाकीवरचं निपलही मोठं करून घ्या. बाजारात स्क्रूने कमी-जास्त करता येणारे रेग्युलेटर मिळतात आणि ते घेण्याचा मोह होतो. पुढची वाट तुंबलेली असताना त्याचा स्क्रू कितीही सैल केला तरी आकडा खाली येत नाही. पैसे वाया जातात, वर निदान आणखी लांबतं.

हे सगळं करताना समोर पेट्रोल आहे, हे विसरू नका. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच जोड सोडा, तोही फडकं धरून. गाडी उघड्यावर, इंजिन गार आणि अग्निशामक हाताशी हवा. कॅनची चाचणी एकट्याने करू नका. आणि तुमच्यापैकी कुणाच्या जिप्सीत असं इंजिन बसलेलं असेल तर उद्या सकाळी बॉनेट उघडून रबरी होजवरची छपाई वाचा. ३०आर७ लिहिलं असेल तर तो कार्बोरेटरच्या प्रेशरचा होज आहे. तुम्हाला ३०आर९ हवा. छपाई वाचता येणार नाही इतका होज जुना असेल, तर गाडी सुरू करण्याआधी बदला.