फसफसते, पण चढत नाही

कवी म्हटला की लोक त्याच्या ग्लासाकडे जरा संशयानेच पाहतात. उर्दू गझलेने साकी आणि प्याला इतका गाजवून ठेवला आहे की, मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या भिवंडीकरालाही त्याची झळ लागते. म्हणून आधीच सांगतो, आजचे पेय फसफसते, पण चढत नाही. रमजान ईदला आमच्या घरी होणारे हे कोकम-पुदिन्याचे सोडा सरबत.

आम्ही कोकणी मुसलमान, तेव्हा कोकम घरचेच. उन्हाळ्यात रातांबे आले की बिया काढून सालींच्या वाट्यांत साखर भरायची आणि बरणी आठवडाभर उन्हात ठेवायची. लालभडक पाक सुटतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. सध्या ती रातांब्यांच्या आधीच येते, म्हणून गेल्या मे महिन्यातली बरणी राखून ठेवावी लागते. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होणार, जानेवारीत आणि डिसेंबरात. थंडीत हे कोण पिणार, असे घरात आतापासूनच विचारतात. मी पिणार!

आता बुडबुड्यांचे पाहू. बरणीत ओला चमचा गेला की पाक आंबतो आणि आपोआप फसफसू लागतो. तो आम्हाला चालत नाही. आंबताना साखरेतून वायू निघतो, तसा मद्यार्कही तयार होतो. नीरेची ताडी होते ती याच वाटेने. तेव्हा फेस हवा तर तो बाहेरून, सोड्यातून आणायचा. गंमत अशी की, या सोड्याचा जन्मही दारूच्या शेजारीच झाला. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली बिअरच्या कारखान्याजवळ राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू त्याने १७६७ साली पाण्यात उतरवला. पाणी फसफसले, नशा पिंपातच राहिली.

चार ग्लासांना अर्धी वाटी पाक पुरतो. चमचाभर सब्जा पंधरा मिनिटे आधी भिजवावा. पुदिना वाटू नये. पाने तळहातावर ठेवून एक टाळी द्यावी, तेवढा वास पुरे. काळे मीठ पाकातच विरघळवावे, सोड्यावर टाकले तर ग्लास उतू जातो. सोडा बर्फासारखा गार हवा, कारण वायू गार पाण्यातच टिकतो. तो सर्वांत शेवटी, ग्लासाच्या कडेने ओतावा. नंतर ढवळत बसू नये.

शीरखुर्मा असताना हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. भिवंडीत १९७० साली दंगल झाली आणि १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा. तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर काही वर्षे ईदला आमचा उंबरा ओलांडणारे शेजारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि मुंबई पेटली तेव्हा, १९९२-९३ साली, भिवंडी शांत राहिली. माणसे पुन्हा येऊ लागली. पण गल्लीतल्या शाकाहारी काकूंची अडचण वेगळीच होती. ज्या चुलीवर मटण शिजते तिथला शीरखुर्मा घशाखाली उतरेना, आणि नाही म्हणणे जिवावर येई. त्या वाटी हातात धरून नुसत्या बसत. अम्मीने ते ओळखले. तिने काचेचे सहा नवे ग्लास आणले, त्यांना दुसरे काही लावू दिले नाही आणि चूल न पेटवता होणारे हे सरबत पुढे ठेवले. वेगळे ग्लास म्हणजे अपमान, असे माझे काही मित्र म्हणतात. मला तसे वाटत नाही. ते ग्लास अम्मीने स्वतः होऊन आणले होते, कुणी मागितले नव्हते.

त्यांतले दोन फुटले, चार आहेत. काकू अजून येतात. सोडा मात्र त्यांच्या नाकात जातो, म्हणून त्यांच्या ग्लासात साधे पाणी आणि सब्जा दुप्पट.