राहतोस कोठे?



परीक्षेचा निकाल लागला की आपण मुलाला दोन प्रश्न विचारतो. अभ्यास किती केलास, आणि शिकवावयास कोण होते? राहत कोठे होतास, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्हांला त्याविषयीच बोलावयाचे आहे.

पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सातवा वार मिळाला नाही तर त्या दिवशी माधुकरी मागावयाची, नाहीतर उपाशी निजावयाचे. त्यांतून मोठी माणसे निघाली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच हालांनी शिक्षण सोडून गावी परतलेल्यांची यादी कोणी ठेवली नाही. त्यामुळे तो अभिमान आम्हांला जरा स्वस्तातला वाटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिक झाले ते १९०७ साली. तेव्हा त्यांचे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत, एका खोलीत राहत असे. चूल तेथेच, सामान तेथेच, माणसेही तेथेच. वडील सुभेदार रामजी यांनी तोड काढली ती अशी : मुलाने लवकर निजावे, आपण दोन वाजेपर्यंत जागावे, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे व्हावे. जागा नव्हती म्हणून त्यांनी रात्रीची वाटणी केली. तिची किंमत बापाने आपल्या झोपेने भरली. असा बाप ज्याला नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाला कोल्हापुरात शाहू महाराजांनी उत्तर दिले. शाळा-कॉलेज शहरात आणि मुलगा खेड्यात, म्हणजे फी माफ करूनही तो येणार कसा? १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परतल्यावर स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला ते बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसविणारे बोर्डिंग काढले, त्याचे मूळ आम्हांला या हकीकतीत दिसते. छप्पर देणारा ते काढूनही घेऊ शकतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

आता आजची गोष्ट. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, तिच्यासारख्या संस्थांत ज्यांना जागा मिळते ते भाग्यवान. इतरांना ‘कॉट बेसिस’. एका खोलीत चार कॉट, चौघांची चार वेळापत्रके. एकाचा दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांवर. म्हणून हीच मुले जवळच्या अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेतात. निजण्याचे भाडे एकीकडे, बसण्याचे दुसरीकडे, डब्याचे तिसरीकडे! सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांना २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून पैसे मिळतात, ही चांगली सोय आहे. परंतु पैशाने कॉट मिळते. चांगल्या वसतिगृहात शेजारच्या खोलीत मागच्या वर्षी तोच पेपर दिलेला एखादा ‘दादा’ असतो, ताप आला तर पेज आणून देणारा कोणी असतो. आम्ही अनेक वर्षे मुले पाहिली. पहिल्या सहामाहीत नापास होणाऱ्यांत बुद्धीने मंद थोडे, झोप न मिळालेले आणि एकटे पडलेलेच फार.

या सभेत घरमालक पुष्कळ असतील. खोली पाहावयास आलेल्या मुलाला आपण प्रथम काय विचारतो? आडनाव. मग जिन्यावरूनच ‘खोली गेली’ म्हणून सांगतो. पाटी मात्र आठवडाभर तशीच असते. यंदा जूनमध्ये मुले पुन्हा येतील. पाटी लावण्यापूर्वी खोलीतील एक कॉट काढा, तेथे एक टेबल आणि दिवा ठेवा. आणि दार उघडल्यावर त्या मुलाला विषय कोणता घेतलास, एवढेच विचारा.